असईच्या लढाईची फौज रंगवताना

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावालगत जी लढाई झाली, ती वॉरगेमच्या, म्हणजे छोट्या धातूच्या शिपायांनी लढाई खेळण्याच्या छंदाच्या, टेबलावर मांडायला घेतली की पहिली अडचण रंगाची येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेतील ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण लाल डगल्यात, मद्रासच्या देशी पलटणी लाल डगल्यात, आणि समोर दौलतराव शिंद्यांच्या कवायती कंपूंमधील, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या तुकड्यांमधील, तेलंगा म्हणवले जाणारे शिपाईही लाल डगल्यातच. मी ही फौज पहिल्यांदा रंगवली तेव्हा सगळ्यांना एकाच बाटलीतला लाल दिला. हातात धरून पाहताना प्रत्येक शिपाई देखणा वाटत होता. टेबलावर उभे केल्यावर मात्र समोर बसलेल्या मित्राने दोनदा माझीच पलटण आपली समजून पुढे सरकवली.

त्यानंतर मी कामाचा क्रम उलटा केला. आता आधी जमिनीचा रंग ठरवतो, मग त्या जमिनीवर उठून दिसतील असे डगले, त्यानंतर पागोटी आणि पट्टे, आणि चेहऱ्यांकडे सर्वांत शेवटी वळतो. खेळताना डोळा आणि आकृती यांच्यामध्ये साधारण तीन फुटांचे अंतर असते, आणि त्या अंतरावरून एकटा शिपाई दिसत नाही, पलटण दिसते. भिंगाखाली सुंदर दिसणारे बटण तिथे नाहीसे होते, आणि जवळून भडक वाटणारी पांढऱ्या पट्ट्याची रेघ तिथे नेमकी शोभते. पुढील सर्व सूचना हे अंतर गृहीत धरून दिल्या आहेत. कपाटात ठेवायची एकच आकृती रंगवणाऱ्याचे गणित वेगळे असते.

किती आकृत्या, कोणत्या मापाच्या

बाजारात मुख्यतः २८ मिमी आणि १५ मिमी उंचीच्या आकृत्या मिळतात. असईसाठी मी १५ मिमीचा आग्रह धरेन, आणि त्याचे कारण संख्येत आहे. वेलस्लीने नदीपार नेलेली मुख्य फौज साधारण साडेचार हजारांची होती. एक आकृती म्हणजे पंचवीस माणसे असे प्रमाण धरले तर तिला १८० आकृत्या लागतात. समोर शिंद्यांच्या बाजूच्या पोलमन, बेगम समरू आणि द्युपाँ यांच्या कंपूंतील कवायती पायदळ दहा हजारांहून अधिक होते, म्हणजे आणखी चारशेच्या वर. मराठ्यांचे घोडदळ तर काही दहा हजारांत मोजावे लागते, पण त्यातील बहुतेक प्रत्यक्ष लढाईत उतरलेच नाही. त्यामुळे ते त्या प्रमाणात रंगवण्याचा हट्ट धरू नये. टेबलाच्या कडेला शिलेदारांचे सहा-आठ बेस, म्हणजे आकृत्या चिकटवलेले चपटे तुकडे, उभे केले की त्यांचे सावट पुरेसे जाणवते. मी २८ मिमीमध्ये सुरुवात करून दीड वर्षात अडीच पलटणींवर अडकलेली माणसे पाहिली आहेत.

पायदळाचे सहा शिपाई ४० × ३० मिमीच्या एका बेसवर, तीन-तीनच्या दोन रांगांत, आणि असे चार बेस म्हणजे एक पलटण, ही मांडणी सोयीची पडते. ४० मिमीची रुंदी १५ मिमीच्या बऱ्याच नियमावल्यांमध्ये चालते, त्यामुळे पुढे नियम बदलले तरी शिपाई उखडून काढावे लागत नाहीत. घोडेस्वार त्याच रुंदीवर तीन, आणि तोफेला ४० × ४० मिमीचा चौकोन द्यावा.

साफसफाई आणि प्रायमर

धातूच्या आकृत्यांवर साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण एका बारीक रेघेसारखी उमटलेली असते. ती धारदार कटरच्या पात्याने हलक्या हाताने खरवडावी, बारीक कानस फिरवावी आणि मग आकृत्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवाव्यात, कारण साच्याची भुकटी राहिली तर रंग तिथूनच सुटतो. वाळल्यावर आइस्क्रीमच्या काडीवर चार-चार शिपाई, मध्ये बोटभर जागा सोडून, फेविक्विकच्या एका थेंबाने चिकटवावेत. जागा न सोडता चिकटवलेल्या शिपायांच्या काखांपर्यंत ब्रश पोहोचत नाही, हे रंगवायला बसल्यावरच लक्षात येते.

प्रायमर म्हणजे वरचा रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर. त्याचा स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, थांबत थांबत, छोट्या फवाऱ्यांनी मारावा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम करूच नये. दमट हवेत फवारा आकृतीवर बसण्याआधीच बिघडतो आणि पृष्ठभाग खरखरीत, पिठूळ होतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरावा. वेळ जास्त लागतो, पण काम वाया जात नाही. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड स्वस्त पडतो म्हणून वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा. खिडकीच्या गजांसाठी बनवलेला तो दाट थर १५ मिमीच्या शिपायाचे नाक-डोळे बुजवून टाकतो.

प्रायमरचा रंग मी दोन्ही फौजांसाठी वेगळा ठेवतो. कंपनीच्या फौजेला राखाडी आणि शिंद्यांच्या फौजेला गडद तपकिरी प्रायमर दिला, तर वरचा लाल कितीही सारखा असला तरी त्याखालून येणारी छटा वेगळी राहते, आणि सहज न सांगता येणारा पण डोळ्याला जाणवणारा फरक तिथेच पडतो.

दोन लाल

गोऱ्या पलटणींमध्ये अधिकाऱ्यांचा डगला चांगल्या कापडाचा, झळझळीत किरमिजी लाल असे, तर साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेत रंगवलेला, विटकरी छटेचा असे. दख्खनच्या उन्हात मोहिमेचे काही महिने काढल्यावर तो आणखी फिका पडत असणार. म्हणून कंपनीच्या बाजूला आधी गडद मरून, त्यावर घड्या सोडून मधला लाल, आणि खांदा, छाती व बाही यांच्या वरच्या कडांवर थोडा नारिंगी मिसळलेला लाल असे तीन थर द्यावेत. लालात पांढरा मिसळून उजळी काढू नये. तो गुलाबी होतो आणि पलटण लग्नाच्या बँडसारखी दिसू लागते. नारिंगी किंवा त्वचेचा फिका रंग मिसळला की लाल उजळतो आणि तरीही लालच राहतो.

शिंद्यांच्या तेलंगांसाठी मी लाल गेरूकडे झुकवतो. बर्न्ट सिएनामध्ये लाल मिसळून मूळ थर द्यायचा, आणि उजळीसाठी त्यातच यलो ऑकरचा अंश घालायचा. शिंद्यांच्या कापडाचा नेमका असाच रंग होता, असा माझा दावा नाही; दोन फौजा वेगळ्या दिसाव्यात म्हणून केलेली ही टेबलाची सोय आहे आणि तिला सोयच म्हणावे. डगल्यांपेक्षा मोठा फरक डोक्यावर पडतो. मद्रासच्या शिपायांची गडद निळी, वरून चपटी टोपी आणि निळ्या काठाची पांढरी आखूड जांगी इतकी वेगळी आहे, की ती नीट रंगवली तर दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. जांगीचा निळा काठ १५ मिमीमध्ये एका रेघेपुरताच उरतो. ती रेघ एका झटक्यात ओढावी, दुरुस्त करायला गेल्यास दुप्पट जाड होते. ७४ व्या पलटणीच्या गळपट्टी आणि कफांचा रंग पांढरा, तर ७८ वीचा फिकट पिवळसर बदामी. हे दोन रंग शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय वेगळे कळत नाहीत, म्हणून दोन्ही पलटणींचे कफ एकाच बैठकीत रंगवावेत.

पांढऱ्या रंगाबाबत एकच नियम कटाक्षाने पाळावा: पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्याने करू नये. छातीवरचे पट्टे, जांगी, शिलेदारांचे अंगरखे या सगळ्यांना आधी फिका राखाडी किंवा कच्च्या सुताचा रंग द्यावा आणि शुद्ध पांढरा केवळ वर आलेल्या घड्यांवर ठेवावा. कंपनीच्या पट्ट्यांखाली राखाडी आणि मराठी अंगरख्यांखाली सुती पिवळट, हा भेद ठेवला तर पांढऱ्यातही दोन बाजू ओळखू येतात.

रंग ॲक्रिलिक असावेत आणि दुधाइतके पातळ करून दोन हात द्यावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याखाली रंग दोन मिनिटांत पॅलेटवर वाळतो, म्हणून झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून घरगुती ओले पॅलेट करावे. त्यातले पाणी रोज बदलावे. पावसाळ्यात तीन दिवस विसरलेला डबा उघडला की त्याचा वास घरातल्या बाकीच्यांनाही कळतो. ब्रशबद्दल नवशिक्याचा समज असा असतो की काम बारीक म्हणजे ब्रशही तीन शून्यांचा हवा. प्रत्यक्षात इतक्या बारीक केसांत रंग धरत नाही आणि टोकावरच सुकतो. चांगले टोक असलेला एक नंबरचा गोल ब्रश नव्वद टक्के काम करतो.

एका वेळी एकच पलटण, म्हणजे चोवीस शिपाई, हाती घ्यावी आणि एक रंग सगळ्यांना देऊन मगच दुसरा उघडावा. आतून बाहेर जावे: आधी त्वचा, मग डगला, मग जांगी, मग पट्टे, मग बंदूक. त्वचेसाठी बाटलीतला तयार तपकिरी वापरू नये, तो लाकडासारखा दिसतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर समप्रमाणात घेऊन त्यात किंचित पांढरा मिसळावा, आणि दर पाच-सहा शिपायांमागे ते मिश्रण थोडे गडद किंवा उजळ करावे. मद्रासची पलटण असो की तेलंगा, एकाच वर्णाची चोवीस माणसे कुठल्याही गावात भेटत नाहीत. डोळे काढूच नयेत. भुवयांखाली वॉशची, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या अगदी पातळ गडद रंगाची, सावली पडली की डोळे आपोआप दिसतात. रंगवलेले डोळे तीन फुटांवरून सगळ्या पलटणीला घाबरवल्यासारखे करतात.

सगळे मूळ रंग झाल्यावर तपकिरी वॉश द्यावा. लालावर काळा वॉश देऊ नये, कापड मळकट दिसते. वॉश साचलेल्या ठिकाणी कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा, रात्रभर वाळू द्यावा आणि मग वर सांगितलेली शेवटची उजळी टाकावी.

बैल, तोफा, निशाणे

असई हा तोफखान्याचा सामना होता, आणि तोफा ओढणारे बैल ही टेबलावरची सर्वांत आपली वाटणारी गोष्ट. तयार आकृत्यांच्या वेष्टनांवर बैल सहसा एकसारखे तपकिरी रंगवलेले दिसतात; ते गुमान बाजूला ठेवावे. राखाडी झाक असलेला खिलारी पांढरा, मराठवाड्यातील लालकंधारीचा गडद लाल आणि देवणीसारखे पांढऱ्यावरचे काळे ठिगळ, असे तीन प्रकार मिसळले की जोड्या खऱ्या वाटतात. पांढऱ्या बैलाच्या मानेला आणि वशिंडाला राखाडी गडद करावा, नाकपुड्या काळ्या ठेवाव्यात. सप्टेंबर संपत आला म्हणजे पोळा होऊन गेलेला असणार, म्हणून दक्षिणेतल्या एखाद्या बैलाच्या शिंगावर मी उडालेल्या रंगाचा ठिपका ठेवतो. कोणाच्या लक्षात येत नाही, पण मला माहीत असतो.

तोफेच्या नळीला आधी गडद तपकिरी, त्यावर पितळी रंग, मग सेपिया वॉश आणि शेवटी केवळ वरच्या कडेवर पितळी रेघ द्यावी. तोंडाशी काळ्या धुराची पूड लावावी. सोन्यासारखी चकाकणारी तोफ दिवाळीतल्या किल्ल्यावर छान दिसते, लढाईत नाही.

निशाणे कागदावर छापून घ्यावीत, पण छापलेल्या कागदाची पांढरी कड जुळत्या रंगाने बुजवावी, आणि पातळ फेविकॉल ओला असतानाच ब्रशच्या दांड्याभोवती गुंडाळून घड्या पाडाव्यात. इंग्रजी निशाणावर तिरपा लाल क्रॉस असलेला १८०१ नंतरचा युनियन ध्वज घ्यावा. एक चूक मी वारंवार पाहिली आहे: ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीच्या हाती हत्तीचे चित्र आणि असईचे नाव असलेले तिसरे निशाण दिलेले असते. ते निशाण कंपनीने या लढाईतील कामगिरीबद्दल नंतर बहाल केले. ज्या लढाईचे बक्षीस ते आहे, त्याच लढाईत ते फडकवणे बरे नव्हे. शिलेदारांच्या बेसवरचा भगवा शुद्ध नारिंगी ठेवू नये. त्यात लालाचा आणि तपकिरीचा थेंब पडला की कापड दिसते, नाहीतर प्लास्टिक.

व्हार्निश

खेळात आकृत्या हाताळल्या जातात, त्यामुळे व्हार्निश टाळता येत नाही. आधी चकचकीत, तो संरक्षणासाठी, आणि त्यावर मॅट, तो दिसण्यासाठी. एका जुलैत, पाऊस तासभर उघडला म्हणून मी गॅलरीत चोवीस तेलंगांवर मॅट स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत अख्खी पलटण धुक्यात गेल्यासारखी पांढरट झाली. घाबरून रंग उतरवायला घेऊ नये. कोरड्या दिवशी ब्रशने चकचकीत व्हार्निशचा एक हात दिला की बहुतेक वेळा तो पांढरेपणा विरघळून खालचा रंग परत येतो; माझ्या एकवीस शिपायांचा आला, तिघांना पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून व्हार्निशही ब्रशनेच.

जमीन

युरोपातून येणारी बेसची तयार साहित्ये तपकिरी माती आणि विलायती कुरणाचा पोपटी हिरवा या हिशेबाने केलेली असतात. असईची जमीन काळी आहे. रंगवण्याआधी जमीन ठरवा असे सुरुवातीला म्हटले ते याचसाठी: काळ्या मातीवर गडद मरून बुडतो आणि उजळलेला विटकरी लाल तरंगतो, आणि हे आधी माहीत असेल तरच डगल्याची शेवटची उजळी पुरेशी धीट पडते.

बेससाठी २ मिमी जाडीचे एमडीएफचे लेझरने कापलेले तुकडे घ्यावेत. त्याच्या एकाच बाजूला पाणीदार फेविकॉल लागला की तुकडा पापडासारखा वळतो, म्हणून खालच्या बाजूलाही एक हात देऊन तो आधी सरळ वाळवावा. शिपाई फेविक्विकने बसवल्यावर त्यांच्या पायाखालची चकती जमिनीच्या वर राहते, आणि ती तशीच राहिली तर प्रत्येक जण नाण्यावर उभा असल्यासारखा दिसतो. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू आणि गडद तपकिरी रंगाचे काही थेंब यांचा दाटसर लगदा करून तो दातकोरणीने चकत्यांच्या कडांपर्यंत भरावा. रंग लगद्यातच मिसळल्याने पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरे दिसत नाही.

मी असईला गेलो तेव्हा एका शेतकऱ्याला विचारून बांधावरची पिशवीभर माती आणली होती. खरी माती वापरायची असेल तर ती आधी उन्हात कडकडीत वाळवावी, मग तव्यावर चांगली भाजावी, म्हणजे किडे आणि बुरशी मरतात, आणि शेवटी कापडातून चाळावी. एवढे करूनही ती आहे तशी शोभत नाही. फेविकॉलने ती ओल्यासारखी काळीकुट्ट होते आणि शिपायांचे बूट, सावल्या, घोड्यांचे खूर सगळे त्यात हरवते. त्यामुळे खऱ्या मातीलाही रंग द्यावाच लागतो: खाली काळपट तपकिरी, त्यावर राखाडी तपकिरीचा कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून टाकलेल्या ब्रशचा हलका हात), आणि ढेकळांच्या टोकांवर अगदी थोडा धुळकट खाकी. मग आणायची कशाला, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ त्याला तांत्रिक उत्तर नाही.

काळी माती म्हटली की भेगा काढण्याची हौस येते, पण भेगा उन्हाळ्यातल्या. सप्टेंबरअखेर ती जमीन ओल धरून असते आणि गवत हिरवे असते. १५ मिमीसाठी २ मिमीचे स्टॅटिक ग्रास (बेसवर लावायचे कृत्रिम गवत) घेऊन त्यात दोन हिरवे आणि थोडा पिवळट असे मिश्रण करावे, आणि बेसचा फार तर एक तृतीयांश भाग झाकावा. पूर्ण गालिचा अंथरला की मेहनतीने केलेली माती दिसतच नाही. उंच गवताच्या झुबक्यांसाठी काथ्याचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून उभे करावेत आणि वाळल्यावर टोके कातरावीत. सुतळी उसवून तुडवलेल्या पिकाची ताटे होतात. चहाचा चोथा पाचोळ्यासाठी उत्तम, मात्र तो तव्यावर पूर्ण सुकवूनच वापरावा, नाहीतर महिन्याभरात पलटणीच्या पायाशी बुरशी उगवते.

चिखल कोणाच्या पायाला लावायचा, हे लढाईच्या हकिगतीवरून ठरवावे. वेलस्लीची फौज त्याच दिवशी केळणा ओलांडून आली होती, म्हणून कंपनीच्या शिपायांच्या पोटऱ्या, तोफांची चाके आणि घोड्यांचे पाय गडद, ओल्या तपकिरीने भिजवावेत आणि तेवढ्यावरच चकचकीत व्हार्निशचा थेंब ठेवावा. शिंद्यांच्या पलटणींनी तोंड फिरवून नवी रांग धरली, पण नदी ओलांडली नव्हती. त्यांच्या पायांना केवळ धूळ पुरे. मराठी तोफांच्या एका बेसवर मी दोन गोलंदाज आडवे टाकले आहेत आणि तिसरा कोपरावर उठतो आहे, कारण इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजांनी तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला होता. ७४ वीचे शेवटचे दोन बेस सहाऐवजी चार शिपायांचे ठेवावेत. गावाच्या तोफांसमोर सापडून त्या पलटणीची चाळण झाली, आणि रिकामी जागा ते न बोलता सांगते. मोकळ्या जागेत एखादी पडलेली टोपी पुरेशी आहे.

बेसच्या उभ्या कडा शेवटी रंगवाव्यात. जमीन दोन्ही फौजांची एकच, पण कडा मी वेगळ्या देतो, कंपनीच्या खाकी आणि शिंद्यांच्या गडद तपकिरी, म्हणजे खेळ संपल्यावर आवराआवर करताना घोटाळा होत नाही. काही जाणकारांना हे रुचत नाही. त्यांनी कडा काळ्या ठेवाव्यात. खाली चुंबकाची पातळ चादर चिकटवून आकृत्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात, आणि बेसच्या पोटावर बारीक पेनाने पलटणीचे नाव व लालाचे मिश्रण लिहून ठेवावे, कारण पुढच्या वर्षी बाराच शिपाई वाढवायचे असतात आणि तेव्हा लालात ऑकर किती घातला होता ते आठवत नाही.